ऐकू न येणारे शब्द : केज आणि ट्यूडर यांच्या 'इनडिटर्मिनसी' या ध्वनिमुद्रणाविषयी

प्रास्ताविक

१९५९ साली न्यूयॉर्कच्या फोकवेज रेकॉर्ड्स या कंपनीने दोन दीर्घवादन तबकड्यांचा एक संच प्रकाशित केला. त्यावर अमेरिकन संगीतरचनाकार जॉन केज (१९१२–१९९२) याच्या आवाजात नव्वद छोट्या कथा आहेत. प्रत्येक कथेला नेमके एक मिनिट दिलेले आहे. त्याच नव्वद मिनिटांत डेव्हिड ट्यूडर (१९२६–१९९६) हा पियानोवादक पियानोतून आणि ध्वनिफितींतून निरनिराळे नाद निर्माण करतो. या नादांचा कथांशी कसलाही संबंध ठरवलेला नाही. ते कथेच्या आशयाला साथ देत नाहीत, वातावरणनिर्मिती करत नाहीत आणि अनेकदा वाचकाचा आवाज सरळसरळ झाकून टाकतात. या संचाचे नाव 'इनडिटर्मिनसी', आणि त्याला जोडलेले उपशीर्षक वाद्यसंगीत व इलेक्ट्रॉनिक संगीत यांतील रूपाच्या एका नव्या पैलूचा निर्देश करते.

आपल्याकडे विसाव्या शतकातील पाश्चात्त्य प्रयोगशील संगीताची चर्चा बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपली जाते. त्या परिच्छेदात केजचे नाव येते, चार मिनिटे तेहेतीस सेकंदांच्या मौनाचा उल्लेख येतो, आणि 'काहीही केले तरी ते संगीतच' अशा आशयाचे एक वाक्य लिहून लेखक पुढे जातो. हे वाक्य चुकीचे आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का चुकीचे आहे हे तात्त्विक विधानांपेक्षा एखाद्या प्रत्यक्ष कृतीतून अधिक स्पष्ट होऊ शकते. त्यासाठी येथे 'इनडिटर्मिनसी' या ध्वनिमुद्रणाची निवड केली आहे. या निवडीला आणखी एक कारण आहे. ही कृती मूळ स्वरूपात एक व्याख्यान होती आणि आपण सर्व व्याख्याते आहोत.

परिभाषेविषयी प्रारंभीच एक खुलासा आवश्यक वाटतो. 'चान्स' या संज्ञेसाठी या लेखात 'यदृच्छा' आणि 'इनडिटर्मिनसी' या संज्ञेसाठी 'अनिर्धारितता' हे शब्द योजले आहेत. मराठीत या दोन्हींसाठी 'अनिश्चितता' हा एकच शब्द वापरण्याचा प्रघात दिसतो. त्यामुळे जो घोटाळा होतो त्याचा विचार पुढे येईल.

आवाज आणि पियानो : पूर्वपीठिका

पाश्चात्त्य संगीतात गायक आणि पियानो यांची जोडी एकोणिसाव्या शतकात स्थिरावली. शूबर्ट आणि शूमान यांच्या गीतांत पियानो केवळ स्वर धरून ठेवत नाही, तो कवितेचा अर्थ सांगतो. चरख्याची गरगर, घोड्याच्या टापा, पाण्याची खळखळ हे सारे पियानोकडे सोपवलेले असते. म्हणजे शब्द मुख्य आणि वाद्य त्याचे भाष्यकार, अशी ही व्यवस्था होती. केजने ही व्यवस्था मोडली हे खरे, परंतु ती एका फटक्यात मोडलेली नाही.

१९४० च्या सुमारास सिॲटल येथे एका नृत्यासाठी संगीत करताना त्याला तालवाद्यांचा समूह हवा होता आणि रंगमंचावर जागा फक्त एका पियानोपुरती होती. त्याने पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवले. पियानोचे रूपांतर एका माणसाने वाजवायच्या तालवाद्यवृंदात झाले. यालाच पुढे 'प्रिपेअर्ड पियानो' असे नाव मिळाले. त्यानंतर १९४२ मध्ये त्याने 'द वंडरफुल विडो ऑफ एटीन स्प्रिंग्ज' हे गीत रचले. त्याचे शब्द जेम्स जॉइसच्या 'फिनेगन्स वेक' या कादंबरीतून घेतलेले आहेत. गायिकेला अवघे तीन स्वर दिलेले आहेत आणि ते लोकगीतासारखे, आवाजाला कंप न देता गायचे आहेत. पियानो मात्र बंद आहे. वादक झाकणावर आणि लाकडी अंगावर बोटांनी व बोटांच्या पेरांनी आघात करतो, आणि कोणता आघात कोठे व कशाने करायचा हे संगीतलेखनात काटेकोरपणे नोंदवलेले आहे. वाद्य समोर आहे, वादक बसलेला आहे, पण एकही कळ दाबली जात नाही. तरीही हे गीत आपल्या परिचयाच्या अर्थाने गीतच आहे. गायिका आणि वादक एकाच मात्रेवर चालतात आणि शब्द स्पष्ट ऐकू येतात. १५ मे १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये केजच्या पंचवीस वर्षांच्या कार्याचा आढावा घेणारी मैफल झाली. तिच्या ध्वनिमुद्रणात हे गीतही आहे आणि त्याच संध्याकाळी प्रथमच सादर झालेला 'कॉन्सर्ट फॉर पियानो अँड ऑर्केस्ट्रा'देखील आहे. या मुद्रणात श्रोत्यांचा गोंगाट, निषेध आणि टाळ्या जशाच्या तशा ऐकू येतात.

गळ्याच्या बाबतीतला पुढचा टप्पा १९५८ मधील 'आरिया' हा होय. कॅथी बर्बेरियन या गायिकेसाठी ती रचना लिहिली गेली. वीस पाने, पाच भाषांतील शब्द, आणि स्वरांऐवजी रंगीत वक्ररेषा. दहा प्रकारच्या गायनशैली रंगांनी दर्शवलेल्या आहेत, परंतु कोणत्या रंगाला कोणती शैली हे गायिकेने ठरवायचे. काळे चौकोन आले की गाण्याव्यतिरिक्त कोणताही आवाज करायचा. 'आरिया' एकटी गाता येते किंवा 'फोंटाना मिक्स' या ध्वनिफितीबरोबर अथवा 'कॉन्सर्ट'च्या भागांबरोबर एकाच वेळी सादर करता येते. दोन स्वतंत्र रचना एकमेकींना न विचारता एकाच कालावधीत नांदू शकतात, ही 'इनडिटर्मिनसी'च्या मुळाशी असलेली कल्पना येथे तयार झालेली दिसते. (बर्बेरियनच्या निधनानंतर १९८४ मध्ये केजने तिच्या स्मरणार्थ पुन्हा जॉइसचेच शब्द घेऊन आवाज व पियानोसाठी 'नाउथ अपॉन नाख्ट' ही लहानशी रचना केली. तीत पियानोचे झाकण आपटले जाते. १९४२ मध्ये बंद असलेले झाकण बेचाळीस वर्षांनी असे उघडले.)

व्याख्यानाची कुळकथा

ट्यूडरने फार पूर्वी केजला सुचवले होते की, ज्यात कथांशिवाय दुसरे काही नाही असे एखादे व्याख्यान तू दे. सप्टेंबर १९५८ च्या अखेरीस स्टॉकहोममधील एका हॉटेलात केजला या सूचनेची आठवण झाली. ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात त्याला आठवड्याभरातच बोलायचे होते. त्याने तीस कथा लिहिल्या आणि तीस मिनिटांत, कोणत्याही वाद्याच्या साथीवाचून, वाचल्या. पुढे १९५९ च्या वसंत ऋतूत कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये बोलायची वेळ आली तेव्हा त्याने आणखी साठ कथांची भर घातली आणि ट्यूडर दुसरीकडे वाजवत राहिला. अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी असलेल्या संस्थेत असे व्याख्यान व्हावे, हा योगायोग मला लक्षणीय वाटतो.

या व्याख्यानाचे शीर्षक श्रोत्याला एका गंभीर विवेचनाचे आश्वासन देते. रूपाचा नवा पैलू कोणता, त्याची लक्षणे काय, पूर्वसूरींशी त्याचे नाते काय, अशी अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्षात यांतील एकाही गोष्टीचे स्पष्टीकरण नव्वद मिनिटांत येत नाही. पहिल्याच कथेत केजच्या न्यूयॉर्कमधील जुन्या खोलीचे वर्णन आहे. खोलीत सामान नाही, भिंतीवर चित्र नाही, जमिनीवर काथ्याची चटई तेवढी अंथरलेली. शिल्पकार इसामू नोगुची भेटायला येतो आणि म्हणतो की या खोलीत एखादा जुना जोडा सुंदर दिसेल. कथा तेवढीच. पुढे आई येते, अळंबी येतात, झेन तत्त्वज्ञ डी. टी. सुझुकी यांचे वर्ग येतात. हार्वर्ड विद्यापीठातील प्रतिध्वनिरहित कक्षाची प्रसिद्ध हकिगत येते. तेथे पूर्ण नि:शब्दता अनुभवायला गेलेल्या केजला दोन आवाज ऐकू आले, एक उंच आणि एक खालचा. अभियंत्याने सांगितले की पहिला तुझ्या मज्जासंस्थेचा आणि दुसरा रक्ताभिसरणाचा.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या कथांतील काही अवघ्या एकदोन वाक्यांच्या आहेत, काही पानभर. प्रत्येकीला मात्र एकच मिनिट. परिणामी छोटी कथा अतिशय संथपणे, शब्दाशब्दांत पोकळी ठेवून वाचावी लागते आणि लांबलचक कथा धापा टाकत संपवावी लागते. बोलण्याचा वेग आशय ठरवत नाही, घड्याळ ठरवते. गमतीच्या प्रसंगावर हसायला वेळ मिळत नाही आणि एखाद्या क्षुल्लक वाक्याला कीर्तनकाराच्या विरामाचे वजन प्राप्त होते. भाषण हळूहळू गायनाच्या दिशेने सरकते ते येथेच. केज गात नाही, पण काळाच्या मापात बांधलेले बोलणे हे नुसते बोलणेही राहत नाही. वेग, विराम, श्वास यांकडे कान जाऊ लागतो. या ध्वनिमुद्रणाला आवाज व पियानोचे संगीत म्हणावे की पियानोच्या सान्निध्यातील व्याख्यान, या वादात फारसे तथ्य नाही. ऐकणाऱ्याच्या बाबतीत ही सीमारेषा मिनिटामिनिटाला हलत राहते.

ध्वनिमुद्रणाची पद्धत

मुद्रणाच्या वेळी केज एका खोलीत बसला आणि ट्यूडर दुसऱ्या. दोघांनाही एकमेकांचे काहीच ऐकू येत नव्हते. केजसमोर कथांची पाने आणि स्टॉपवॉच होते. ट्यूडरसमोर 'कॉन्सर्ट'मधील पियानोच्या भागातून त्याने स्वत: सिद्ध केलेली संहिता आणि 'फोंटाना मिक्स'च्या ध्वनिफिती होत्या. दोन्ही प्रवाह एकत्र आले ते तबकडीवर.

ध्वनिमुद्रणाच्या रूढ शिस्तीनुसार निवेदकाचा आवाज वर आणि वाद्य खाली ठेवले जाते. आकाशवाणीवरील कोणत्याही संगीतिकेत आपण हेच ऐकतो. केजला हे नको होते. संचासोबतच्या टिपणात त्याने एक साधे दृश्य दिले आहे. रस्त्याच्या पलीकडे आपल्याला एक माणूस दिसतो. मध्येच एक ट्रक जातो आणि तो दिसेनासा होतो. ट्रक गेल्यावर पुन्हा दिसतो. त्या माणसाला काही झालेले नसते आणि ट्रकनेही काही चूक केलेली नसते. केजच्या मते शब्दांचे ऐकू न येणे हे तितकेच नैसर्गिक आहे.

ही उपमा मला मान्य आहे आणि नाहीही. मान्य अशासाठी की, शब्द झाकला गेल्यावर श्रोत्याला प्रथमच त्या शब्दाच्या आवाजाची जाणीव होते. एरवी अर्थ हाती लागताच आवाज विसरला जातो. पियानोच्या एखाद्या तीक्ष्ण आघातापाठोपाठ जेव्हा केजचा मऊ, काहीसा सपाट, जराही न रागावलेला स्वर पुन्हा वर येतो, तेव्हा मधल्या तीन शब्दांत काय होते या प्रश्नापेक्षा तो स्वर तसाच चालू होता ही गोष्ट अधिक जाणवते. अमान्य अशासाठी की, रस्त्यावरच्या ट्रकचा चालक त्या माणसाला झाकण्याची परवानगी कोणाकडून घेऊन आलेला नसतो. येथे मात्र ही परवानगी केजने स्वत: आधीच दिलेली आहे. आपला आवाज बुडू देण्याची तयारी हा त्याचा निर्णय होता, अपघात नव्हता. या निर्णयाचे श्रेय त्याला द्यायचे तर ट्रकची उपमा थोडी बाजूला ठेवावी लागते.

यदृच्छा, अनिर्धारितता आणि उपज

केजच्या विचारातील दोन टप्पे वेगळे केल्याशिवाय या कृतीचे मर्म हाती लागत नाही. १९५१ मधील 'म्युझिक ऑफ चेंजेस' या पियानोरचनेत त्याने स्वर, कालमान, तीव्रता हे सर्व चिनी 'ई चिंग' ग्रंथाच्या आधारे नाणी उडवून ठरवले. ही यदृच्छा होय. परंतु एकदा नाणी उडवून झाल्यावर जे लिहिले गेले ते कायमचे. वादकाला त्यात तसूभरही बदल करता येत नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे दिलेल्या व्याख्यानांत केजने स्वत:च्याच या कृतीवर आक्षेप घेतला. रचनाकाराने आपली आवडनिवड बाजूला ठेवली तरी वादक मात्र पूर्वीसारखाच हुकमाचा ताबेदार राहिला, हा तो आक्षेप होता. रचना सादर होईपर्यंत तिचे रूप ठरलेलेच नसावे, या अवस्थेला त्याने अनिर्धारितता म्हटले. ब्रुसेल्सचे कथाव्याख्यान या डार्मश्टाटच्या व्याख्यानांनंतर काही आठवड्यांतच आले. डार्मश्टाटमध्ये जे विवेचनाने मांडले ते पुढच्या व्याख्यानाने प्रत्यक्ष करून दाखवले, असा त्यांचा परस्परसंबंध लावता येईल.

यदृच्छेने लिहिलेले आणि अनिर्धारित ठेवलेले या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत रचनाकाराला फळ ठाऊक नसते, पण एकदा लिहिल्यावर ते बदलत नाही. दुसरीत प्रत्येक वादनाचे फळ निराळे असते. मराठी लेखनात दोन्हींना 'अनिश्चितता' म्हटल्यामुळे दुसरीवर पहिलीचा शिक्का बसतो आणि दोन्हींवर मिळून 'लहर' हा तिसराच शिक्का बसतो.

लहर किती दूर होती हे ट्यूडरच्या कामावरून दिसते. 'कॉन्सर्ट'मधील पियानोचा भाग त्रेसष्ट मोठ्या पानांचा आहे आणि त्यात चौऱ्याऐंशी प्रकारच्या लेखनपद्धती आहेत. काही ठिकाणी ठिपके आहेत, काही ठिकाणी वर्तुळे, काही ठिकाणी पियानोची आकृती आणि तिच्या भोवती रेषा. वादकाने यांतील कोणतेही भाग कोणत्याही क्रमाने घ्यावेत अशी मुभा आहे. दुसऱ्या एखाद्या वादकाने या मुभेचा अर्थ 'सुचेल ते वाजवा' असा घेतला असता. ट्यूडर पानांवरील अंतरे मोजत असे, त्यांचे काळात रूपांतर करीत असे आणि स्वत:साठी सामान्य लिपीत संपूर्ण संहिता लिहून काढत असे. नव्वद मिनिटांच्या या व्याख्यानासाठी त्याने मुख्यत: सुटे, क्षणिक आघात निवडून एक स्वतंत्र पाठ तयार केला होता. म्हणूनच ध्वनिमुद्रणात पियानोचे सलग वाक्य क्वचितच ऐकू येते. तार छेडल्याचा एक नाद, मग रिकामी जागा, मग लाकडावरचा ठोका, मग पुन्हा काही काळ फक्त केजचा आवाज. 'फोंटाना मिक्स'ची जडणघडणही अशीच कष्टाची आहे. मिलान येथील इटालियन नभोवाणीच्या ध्वनिकेंद्रात ती फीत तयार झाली. दहा कागदांवर वक्ररेषा आणि बारा पारदर्शक पत्रे, ते एकमेकांवर ठेवून येणाऱ्या छेदबिंदूंवरून मोजमापे घ्यायची. नावाला मात्र गूढार्थ नाही. केजच्या मिलानमधील घरमालकिणीचे आडनाव फोंटाना होते.

आपल्याकडच्या श्रोत्याला येथे ख्यालगायनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आमच्याकडेही विस्तार आधी लिहिलेला नसतो, तेव्हा अनिर्धारितता आम्हाला नवी नाही, असा युक्तिवाद चर्चासत्रांतून ऐकायला मिळतो. तो तपासून पाहिला पाहिजे. ख्यालातील उपज ही गायकाच्या तालमीतून, स्मृतीतून आणि अभिरुचीतून येते. केज सुरुवातीपासून याच तिन्हींपासून सुटका करून घेऊ पाहत होता. आयत्या वेळी सुचलेले वाजवणे याविषयी तो दीर्घकाळ साशंक होता, कारण सुचते ते बहुधा सवयीतूनच. शिवाय ख्यालातील सर्व आनंद अखेरीस समेवर येण्यात एकवटलेला असतो. गायक आणि तबलजी कितीही दूर गेले तरी भेटायचे कोठे हे दोघांना ठाऊक असते. 'इनडिटर्मिनसी'मध्ये सम नाही. दोन कलावंत नव्वद मिनिटे एकाच काळातून जातात आणि भेटण्याचे ठिकाण एकही ठरलेले नाही. जेव्हा पियानोचा आघात आणि कथेचा शेवट एकाच क्षणी येतात तेव्हा श्रोत्याच्या तोंडून 'वा' निघू पाहते आणि लगेच लक्षात येते की ही दाद कोणालाच देता येणार नाही.

मराठी सौंदर्यविचाराच्या अभ्यासकांना या ठिकाणी बा. सी. मर्ढेकरांची आठवण व्हावी. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये मर्ढेकरांनी लयतत्त्वाची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन रूपे सांगितली. संवेदनांमधील हे संबंध कलाकृतीचे सौंदर्य ठरवतात, अशी त्यांची भूमिका. 'इनडिटर्मिनसी' ऐकताना संवाद आणि विरोध यांचा प्रत्यय वारंवार येतो, पण हे संबंध कोणी रचलेले नाहीत. मग ते कलाकृतीत आहेत की श्रोत्यात? केजचे स्वत:चे उत्तर असे की, सर्व वस्तू, सर्व आवाज आणि सर्व माणसे मुळातच परस्परसंबद्ध आहेत आणि एखाद्या एकट्या मनाने योजलेला संबंध त्यावर लादला नाही तर हे गुंतागुंतीचे नाते अधिक स्पष्ट होते. मर्ढेकरांच्या उपपत्तीत या उत्तराला जागा करायची तर तिची बरीच डागडुजी करावी लागेल. ते काम सौंदर्यशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाने हाती घ्यावे.

भारतीय दुवे

केजच्या विचारातील भारतीय अंशाविषयी आपल्याकडे कधी अतिशयोक्ती होते तर कधी अनास्था. वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे आहे. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला आल्या. त्यांनी केजकडून पाश्चात्त्य प्रतिस्वरविचार शिकावा आणि त्याला भारतीय संगीत शिकवावे, असा दोघांत करार झाला. पैशांची देवाणघेवाण नव्हती. संगीताचे प्रयोजन काय असे विचारल्यावर त्यांनी आपल्या गुरूंचे मत सांगितले. मन शांत व स्थिर करून त्याला दिव्य प्रभावांसाठी खुले करणे, हे ते प्रयोजन. जाताना त्यांनी केजला रामकृष्ण परमहंसांच्या वचनांचा ग्रंथ भेट दिला. याच सुमारास आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनातून नवरसांचा विचार घेऊन त्याने 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' (१९४६–४८) ही प्रिपेअर्ड पियानोसाठीची रचनामाला केली.

कालांतराने 'दिव्य प्रभाव' या शब्दप्रयोगाचा केजने स्वत:चा अर्थ लावला. आपण ज्या परिसरात राहतो तो परिसरच दिव्य प्रभाव होय, असे तो म्हणू लागला. गुरूंच्या मूळ अभिप्रायापासून हे बरेच दूर आहे आणि आपण ते मोकळेपणाने मान्य करावे. त्याच्या या प्रकारच्या कथांत रामकृष्णही येतात. सर्व काही ईश्वर आहे हे ऐकून भारावलेला शिष्य वाटेतून बाजूला होत नाही आणि हत्तीच्या तडाख्यातून कसाबसा वाचतो, ही आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट केज एका मिनिटाच्या मापात सांगतो. आपल्याकडे ती बोधासाठी सांगितली जाते. केजच्या कथांत बोध जुन्या जोड्याइतकाच महत्त्वाचा किंवा बिनमहत्त्वाचा ठरतो.

ट्यूडरचा भारताशी आलेला संबंध अधिक मूर्त आहे. साठच्या दशकात तो पियानोकडून इलेक्ट्रॉनिक उपकरणांकडे वळत गेला आणि १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्याने मूग सिंथेसायझरसह एक इलेक्ट्रॉनिक संगीतकेंद्र उभारून दिले. तेथे गीता साराभाई यांच्यासह काही भारतीयांनी काम केले. १९६९ ते १९७२ या काळातील त्या फिती दीर्घकाळ पडून होत्या. २०२३ मध्ये त्यांतील निवडक भाग प्रकाशात आला.

ध्वनिमुद्रणातील अंतर्विरोध

एक अडचण मात्र शिल्लक राहते आणि ती केजच्या बाजूने बोलणाऱ्यांनी टाळू नये. जे सादरीकरणापूर्वी ठरलेले नसावे ते तबकडीवर उतरले की कायमचे ठरते. केजला ध्वनिमुद्रणांविषयी विशेष प्रेम नव्हते, तरी आज 'इनडिटर्मिनसी' आपल्याला ठाऊक आहे ती या मुद्रणामुळेच. फोकवेज संग्रह १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे गेला आणि १९९२ मध्ये हे मुद्रण सीडीवर पुन्हा उपलब्ध झाले.

पहिल्या श्रवणात पियानो कोठे येईल हे श्रोत्याला ठाऊक नसते. चौथ्या-पाचव्या श्रवणात ते पाठ होते. अमुक शब्दानंतर तो घंटेसारखा नाद येणार, तमुक वाक्य अर्धवट बुडणार, असे कान आधीच सांगू लागतो. जे घडून गेले ते योजलेले भासू लागते. केजने स्वत: नोंदवले आहे की, प्रत्येक व्याख्यानानंतर कोणी ना कोणी येऊन कथांचा क्रम हेतुपूर्वक लावलेला आहे असे ठामपणे सांगत असे. ध्वनिमुद्रणाने अशा आग्रही श्रोत्यांची संख्या वाढवली असणार. मूळ तबकड्यांत तर नव्वद मिनिटे चार बाजूंत विभागलेली, म्हणजे दर वीस-बावीस मिनिटांनी उठून तबकडी उलटावी लागे. हा खंड केज किंवा ट्यूडर यांनी नव्हे, माध्यमाने घातलेला आहे. सीडीत तो बव्हंशी नाहीसा झाला. मला स्वत:ला जुना खंड अधिक योग्य वाटतो. उठताना खोलीतले आवाज ऐकू येतात.

हे मुद्रण मी पदवी वर्गाला तीन वेळा ऐकवले. पहिल्या खेपेस एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दारातून आत येत, 'सर, पियानो जरा कमी करा, गोष्ट ऐकू येत नाहीये,' अशी सूचना केली. दोन्ही आवाज एकाच मुद्रणात मिसळलेले असल्याने ते शक्य नव्हते, आणि मला त्यांना पटकन काही समजावूनही देता आले नाही. नंतर विचार करता जाणवले की, बाहेरच्या व्हरांड्यातील गलबला, शेजारच्या वर्गातील हशा आणि पंख्याची घरघर यांवर मात करत आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवणे, हेच आपण अध्यापनाचे पहिले कौशल्य मानतो. त्यांची सूचना त्या दृष्टीने अगदी रास्त होती. फक्त ज्या व्याख्यात्याच्या वतीने ते बोलत होते त्याला तो आवाज वाचवायचा नव्हता.

तिसऱ्या खेपेस मी विद्यार्थ्यांना पहिली दहा मिनिटे ऐकताना जे जे ऐकू येईल ते लिहिण्यास सांगितले. बहुतेकांनी कथा लिहिल्या. बुडालेल्या जागी काहींनी टिंबे दिली, तर काहींनी स्वत:च्या कल्पनेने वाक्ये पुरी करून टाकली. कोणते वाक्य ऐकलेले आणि कोणते रचलेले, हे मागाहून त्यांनाही सांगता आले नाही. दोन मुलींच्या वह्यांत पंख्याचा उल्लेख होता. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने मात्र एकही कथा लिहिली नव्हती. त्याने पानाच्या डाव्या कडेला हातातल्या घड्याळाप्रमाणे मिनिटे आणि सेकंद मांडले होते आणि पुढे प्रत्येक ठिकाणी, जेथे आवाज झाकला गेला तेथे, पेन्सिलीने लहान-मोठे ठिपके काढले होते.